चार आण्याची गाडी, बारा आण्याचा मसाला

रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन बादल्या मांडून बसलेला माणूस पाहिलाय ना तुम्ही? एका बादलीत शाम्पूचा फेस, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी. जाळी कशाला? तर फडक्याची माती खाली बसावी, परत रंगावर घासली जाऊ नये म्हणून. काचेचं फडकं वेगळं, दाराचं वेगळं, चाकांचं तर वेगळ्या पिशवीत. वॉचमननं चुकून कोरडं फडकं मारलं तर गृहस्थ तीन मजले धावत खाली येतात. कोरड्या फडक्यानं रंगावर गोल गोल चरे पडतात म्हणे, उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे. एवढी काळजी करणाऱ्या या माणसानं स्वतःच्या डोक्याला मात्र गेली वीस वर्षं अंगाचाच साबण लावलाय.

आणि आपण? आपण गॅलरीत चहाचा कप धरून म्हणतो, ‘कामधंदे नाहीत का लोकांना!’ मग मंगळवारी आपल्या घरी एक पार्सल येतं. मायक्रोफायबर, सहाचा पॅक, निळा-पिवळा, आठशे जीएसएम. कुणी मागवलं, हे कुणी विचारत नाही.

काय होऊन बसलंय हे? गाडी घ्यायची, तिच्यात बसायचं, सासवडला जाऊन यायचं, एवढाच मामला होता की एकेकाळी! १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोवर मध्यमवर्गापुढे निवड ती काय? कुर्ल्याची पद्मिनी नाहीतर कोलकात्याकडची अ‍ॅम्बॅसिडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडीबद्दल मत म्हणून लोकांकडे एकच गोष्ट होती : ‘कधी मिळणार?’ आता गाड्या शंभर झाल्या आणि मतं लाखांवर. गाडी नसलेल्यांची तर अधिकच ठाम.

बरं, वाट पाहण्याचा तो जुना त्रास तरी संपला का? छे! आता तो हौसेनं ओढवून घेतला जातो. ३० जुलै २०२२ची सकाळ आठवा. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग अकरा वाजता उघडलं. पहिल्या मिनिटात २५,०००. अर्ध्या तासात एक लाख! मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून, वर दोन रुपये कमी करून घेणारी ही आपली जनता. तिनं अर्ध्या तासात लाखभर गाड्या बोटानं दाबून ठेवल्या. मग ऑक्टोबर २०२४मध्ये थार रॉक्सची पाळी आली : पहिल्या तासात १,७६,२१८. वेड म्हणायचं की आणखी काही? आणि त्या सकाळी अकरा वाजता ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून ओटीपीची वाट पाहणारे ते कोण होते? नावं घेऊ नका, आपलीच निघतील.

पण खरी मजा पुढेच. गाडी शोरूमला येते आणि भावी मालक ‘पीडीआय’, म्हणजे ताब्याआधीची तपासणी, करायला निघतो. हा शब्द कालपर्यंत कुणाच्या गावी नव्हता, आज दहावीच्या पोरालाही पाठ आहे. खिशात टॉर्च, हातात छापील यादी, सोबत ‘गाडीतलं कळतं’ असा एक मावसभाऊ. हा मावसभाऊ प्रत्येक घरात एक असतो. स्वतः स्कूटरवर फिरतो. तो आधी चासी नंबर वाचतो, त्यातून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते काढतो. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र बोनेटवर टेकवतो आणि मायक्रॉनमध्ये हळहळतो. मग गुडघ्यावर बसून टायर वाचतो. टायरवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

‘गाडी परवाच आलीये सर, एकदम फ्रेश,’ शोरूमचा पोरगा सांगतो.

‘मग स्टेपनी गेल्या वर्षीच्या बेचाळिसाव्या आठवड्यातली कशी?’

पोरगा गप्प. मावसभाऊ उभा राहून गुडघे झटकतो. त्याच्या चेहऱ्यावरचं ते तेज पाहावं! त्या एका प्रश्नासाठी तो जन्माला आला होता.

एवढं मायक्रॉनपर्यंतचं विज्ञान झालं की लगेच लाल कापड ओढून गाडी उघडी करायची, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली धरून फोटो काढायचा, केक कापायचा आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची. का? शास्त्र असतं ते! सीटवरचं प्लॅस्टिक पुढे वर्षभर निघत नाही, तेही शास्त्रच असावं. चौदा-पंधरा लाख मोजून घेतलेल्या सीटला आपण स्पर्श करत नाही. घामेजल्या पाठीनं प्लॅस्टिकवर कुरकुर आवाज करत महाबळेश्वर गाठतो.

आणि गाडी एकदा घरी आली, की मग आवरणार कोण? कंपनीच्या शेकडो इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं लावून जे बनवलं, त्यात काय काय चुकलंय हे आपल्या गल्लीतल्या सत्तावीस वर्षांच्या पोराला दुसऱ्याच दिवशी कळतं. चाकं लहान आहेत! सोळा इंची कुठे चाकं असतात का? अठराची हवीत. मग अठराची अ‍ॅलॉय येतात, त्यांवर पापडाएवढ्या जाडीचं रबर चढतं आणि आपल्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मधे कुठेही न थांबता थेट मणक्यात पोचतो. चाकाचा घेर कंपनीच्या मापापेक्षा वाढला, की स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. वजन वाढतं, पिकअप मरतो, तेल जास्त जातं. मग हाच पोरगा महिन्याभरानं सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारतो, ‘पूर्वीसारखं अ‍ॅव्हरेज का देत नाही हो?’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मग सायलेन्सर. मूळचा गप्प बसतो, म्हणून नवा. तो रात्री साडेअकराला कर्वे रोडवर असा खाकरतो की अख्ख्या पेठेची झोप उडते. मग ‘स्टेज वन’. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं कंपनीनं केलेलं गणित पुसून नवं लिहायचं : टर्बोचा दाब वाढव, इंधन जास्त सोड, घोडे वाढव. घोडे वाढतात, वॉरंटी जाते. मग डिक्कीभर स्पीकर. डिक्कीत सामान ठेवायला जागा उरत नाही, पण शेजारच्या गाडीची काच थरथरली पाहिजे ही किमान अपेक्षा. दोन लाखांच्या जुन्या गाडीत लाखभराची म्युझिक सिस्टीम! नाकापेक्षा मोती जड म्हणावं, तर इथे नाक दिसेनासंच झालंय. या सगळ्याचं मूळ शोधायचं तर २००४च्या ‘टार्झन : द वंडर कार’पर्यंत जावं लागेल. मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी घडवलेली ती जांभळी गाडी पाहून ज्या पिढीची पोरं थिएटरमधून बाहेर पडली, ती आज ईएमआय भरण्याच्या वयात आलीत. भोगा आता!

कायदा? आहे की! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडीच्या नोंदणीत जे लिहिलंय, कंपनीनं जसं घडवलंय, त्यापेक्षा वेगळं काही परवानगीशिवाय करायचं नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही ठरवून दिली : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून आपल्या लोकांनी काय करावं? घाबरावं? अहो, बेरीज केली! ‘सायलेन्सरचे पाच, टायरचे पाच, लाइटचे पाच... काही नाही, पंधरा हजारांत बसतंय.’ सरकारनं धाक म्हणून लिहिलं, लोकांनी दरपत्रक म्हणून वाचलं.

काळ्या काचांचंही तेच. मूळच्या काचेतून पुढेमागे निदान सत्तर टक्के आणि बाजूनं पन्नास टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि वरून फिल्म चिकटवायचीच नाही, हा एप्रिल २०१२चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. त्यानंतर किती फिल्म निघाल्या आणि किती नव्या लागल्या, ते कुठल्याही गावच्या नगरसेवकाच्या गाडीत डोकावून पाहा. दिसलं तर! पुढच्या बंपरवर लोखंडी नळ्यांचा गार्ड बसवणारे तर विचारूच नका. २०१७च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना तो काढायला लावायला सांगितलं. रस्त्यावरच्या माणसाला तो घातक, आणि वर धडक कितीची आहे याचा एअरबॅगच्या सेन्सरला नीट अंदाज येत नाही. म्हणजे पत्र्याला पोचा पडू नये म्हणून आत बसलेल्या माणसाला गहाण टाकायचं. पोच्याचा खर्च काय? वळणावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे दोन-तीन हजार.

आणि सगळ्यात कहर ऐका. सीट बेल्ट न लावता ती टिंगटिंग बंद व्हावी म्हणून एक क्लिप मिळते. पट्ट्याच्या जागी नुसता चिमटा खोचायचा, गाडी फसते, माणूस खूश. मे २०२३मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना बडगा दाखवला तेव्हा या क्लिपच्या किती जाहिराती उतरवाव्या लागल्या असतील? १३,११८! सीट बेल्ट गाडीसोबत फुकट मिळतो. तो न लावण्यासाठी खिशातून पैसे काढणारे जगात आणखी कोण असतील?

आता गंमत अशी, की तीच मंडळी सुरक्षिततेवर तासभर बोलतात. गाडीवाल्यांत सध्या दोन पंथ आहेत : लोखंडवाले आणि अ‍ॅव्हरेजवाले. लोखंडवाला दुसऱ्याची गाडी पाहिली की आधी दार उघडून बंद करतो. ‘धप्प’ आवाज आला तर मान डोलावतो. ‘टण’ आला तर मालकाकडे असा बघतो की त्या बिचाऱ्याला विमा वाढवावासा वाटावा. डिसेंबर २०१८मध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळाले, भारतातल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि तेव्हापासून या पंथाला धर्मग्रंथ सापडला. अ‍ॅव्हरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं : ‘तुझी गाडी पंपावर राहते, माझी घरी.’ सहा वर्षं हे भांडण लग्नाच्या पंगतीत, बारशाला, दहाव्याला, सगळीकडे सुखानं चाललं. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये काय व्हावं? अ‍ॅव्हरेजवाल्यांच्या डिझायरलाही पाच तारे! लोखंडवाल्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही म्हणतात. पत्र्याची जाडी आणि टकरीतला बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुढचा भाग चुरगळून धडक गिळण्यासाठीच आखलेला असतो आणि माणसं बसतात तो पिंजरा तेवढा शाबूत राहायला हवा, हे कुणी समजावलं तरी ऐकतो कोण? दाराचा आवाज मात्र आजही ऐकतात.

या रोगाची लागण कुठवर गेलीये? आमच्या ओळखीतल्या एक आत्या. गाडी म्हणजे ‘पांढरी’ आणि ‘लाल’, एवढेच प्रकार त्यांना आयुष्यभर ठाऊक होते. परवा भाच्यानं नव्या गाडीचे पेढे दिले, तर पेढा तोंडात टाकायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘एअरबॅगा सहा आहेत ना रे? आणि ते पुढं कुणी आलं की आपोआप ब्रेक लागतो, ते घेतलंस की नाही?’ भाच्याचं मॉडेल खालचं होतं. पेढा कडू झाला.

आणि ते सनरूफ! युरोपात ऊन दुर्मीळ, म्हणून तिथे छताला भोक पाडलं. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, आणि तिथल्या ग्राहकाची पहिली अट काय? सनरूफ पाहिजे! वापर दोनच. एक, पोरांनी त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहायचं, जे करू नये म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन, नातेवाइकांना बटण दाबून दाखवायचं. बाकी अकरा महिने पडदा बंद आणि एसी चारवर.

थारवाल्यांना तर किती नावं ठेवावीत? नाशिकची ही थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, डोंगर चढायला वेगळा गिअरचा दांडा आहे. हे सगळं घेऊन आपला गडी एफसी रोडवर कॉफी प्यायला येतो आणि चाकाला चिखल लागला तर डबक्यावर चिडतो. तो दांडा खाली ओढून पाहिलेला थारवाला भेटला, तर त्याचा सत्कार करायला हरकत नाही. मुंबईवाल्यांचं मात्र बोलू नका; पहिल्याच जोराच्या पावसात मिलन सबवेत त्यांचे पैसे वसूल होतात.

नंबराचं सांगायचं राहिलंच. ‘कुठल्या पासिंगची?’ यावरून माणूस ओळखायचा हा जुना छंद. एमएच-१२ दिसली की वाकडं तोंड, एमएच-०९ दिसली की आदरानं बाजूला. पण आता आकड्यांची चैन बघा. ऑगस्ट २०२४मध्ये राज्यानं चॉइस नंबरांचे दर वाढवले : मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीचा ०००१ हा नंबर सहा लाखांना, आणि चालू मालिकेबाहेरचा हवा असेल तर अठरा लाखांपर्यंत. सहा लाखांत एक छोटी गाडी दारात उभी राहते हो! पण नुसत्या गाडीकडे कोण बघतो? ज्यांना हे परवडत नाही ते इंग्रजी ८०५५ घेऊन ‘बॉस’ होतात, २१४ घेऊन ‘राम’ लिहितात. ४१४१चं एक वेगळंच आहे : एका गाडीवर ते ‘पापा’ असतं आणि दुसरीवर ‘मामा’. आता होलोग्राम आणि लेझरनं कोरलेली सरकारी पाटी आली आणि बॉस, राम, पापा, मामा सगळे एका माळेचे मणी झाले. जुन्या गाड्यांना ती पाटी लावायची मुदत एवढ्या वेळा का वाढवावी लागली, याचं खरं कारण हेच असावं असा आपला संशय.

करकपातीनं तर लोकांचा भूमितीचा अभ्यासही पक्का करून घेतला. चार मीटरच्या आत बसेल ती गाडी लहान, तिला कर कमी, हा खेळ २००६च्या अर्थसंकल्पापासूनचा. त्यापायी २००८मध्ये इंडिगोचं शेपूट कापलं, २०१२मध्ये डिझायरचं. २०२५ साली पितृपक्षाच्या तोंडावर जाहीर झालं की २२ सप्टेंबरपासून लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के जीएसटी. आधीच पितृपक्ष, त्यात करकपातीची वाट. शोरूममध्ये माशा मारायला माशासुद्धा आल्या नाहीत. आणि घटस्थापनेला पाय ठेवायला जागा नाही! स्वतःच्या हॉलची लांबी विचारली तर ‘असेल वीस फूट’ म्हणणारे ‘३,९८५ मिलिमीटर, बसली बघ आत’ म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते.

तसं पाहिलं तर हे आजचं थोडंच आहे? ऑक्टोबर २०१०, तेव्हाचं औरंगाबाद. शहरातले उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. आपल्या शहराकडे देशानं बघावं ही इच्छा होती, आणि देशानं डोळे फाडून पाहिलं. पण आपल्याला कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं : मर्सिडीजसुद्धा घासाघीस करून घाऊक भावात घेतली!

जुनी गाडी घेणाऱ्यांविषयी एवढंच, की महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची, एकहाती आणि फक्त दवाखान्यापर्यंत चाललेली असते. एवढे डॉक्टर असते तर दवाखान्यात दोन-दोन तास बसावं लागलं असतं का? मीटर किती फिरलंय हे विचारण्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते बघा. तीस हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही.

तर, असल्या वेड्यांच्या नादी अजिबात लागायचं नाही. फक्त पाडव्याला डिलिव्हरी हवी असेल तर बुकिंग आत्ताच टाका, हँडलिंग चार्जेस बिलात लावू देऊ नका, आणि स्टेपनीचा आठवडा वाचल्याशिवाय सही करू नका. मावसभाऊ मोकळा नसेल तर आमचा पाठवू.